खडकाशी बोल

मे महिन्यातला रविवार होता. उपासना आटोपून घरी आलो, जेवलो, आणि सकाळचा संदेश चांगला झाला या समाधानात जरा आडवा झालो होतो. अडीचच्या सुमारास दाराची कडी वाजली. बाहेर रणरणत्या उन्हात आमच्या मंडळीतल्या एक मावशी उभ्या होत्या. डोक्यावरून पदर, हातात रुमालाची गाठ. "सलाम, पाळकसाहेब," म्हणाल्या. आत या म्हटलं, तरी उंबऱ्यातच थांबल्या. तिथेच त्यांनी गाठ सोडली. आत शंभराच्या तीन नोटा होत्या, चार-चार घड्या घातलेल्या.

"हे माझं तंबूतलं," त्या म्हणाल्या.

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा पोटात खड्डा पडला. सकाळी मी आखानावर बोललो होतो. यरीहो पडल्यावर लुटीतला झगा, चांदी आणि सोन्याची वीट चोरून आपल्या तंबूत पुरून ठेवणारा आखान. "तुमच्या-आमच्या तंबूंखाली काय पुरलंय, ते देवाला दिसतं," असं मी व्यासपीठावर मूठ आपटून म्हणालो होतो. मावशी दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. मुलगा वारलेला, नातू त्यांच्याकडे. जूनमध्ये शाळा उघडणार म्हणून वह्यापुस्तकांसाठी त्यांनी दशमांशातले, म्हणजे मिळकतीतला देवासाठी द्यायचा जो दहावा हिस्सा त्यातले, तीनशे रुपये बाजूला ठेवले होते. ते घेऊन त्या आल्या होत्या.

मी पैसे परत त्यांच्या हातात कोंबायला लागलो. त्या घेईनात. आणि मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाळकसाहेब, तुम्ही आमच्यावर रागावलात का हो?"

मी म्हणालो, "नाही हो मावशी."

ते खोटं होतं. त्या दिवशी सकाळी मी सबंध मंडळीवर रागावलेलो होतो.

खरं सांगायचं तर तो संदेश मी एका माणसासाठी तयार केला होता. २००८ सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पाळक होतो. चर्चच्या कंपाउंडची भिंत बांधून झाली होती आणि २८,००० रुपयांच्या खर्चात कुठेतरी मेळ बसत नव्हता. पंचांच्या बैठकीत मी हिशेबाबद्दल विचारलं, तर खजिनदार म्हणाले, "पाळकांनी शास्त्र बघावं, हिशेब आम्ही बघतो." बाकीचे पंच खाली मान घालून बसले. तो अपमान मी घरी घेऊन आलो, आठवडाभर जपला आणि शनिवारी रात्री यहोशवाचा सातवा अध्याय उघडला. वचन शोधताना माझ्या मनात प्रार्थना नव्हती. दगड शोधत होतो.

खजिनदार दुसऱ्या बाकावर बसले होते. संदेश चालू असताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. शेवटी दाराशी हात मिळवत म्हणाले, "छान झाला संदेश. असं कोणीतरी सांगायलाच पाहिजे होतं." त्यांना काहीच लागलं नव्हतं. लागलं ते त्यांच्या मागच्या बाकावर बसलेल्या मावशींना. (दोन महिन्यांनी सिमेंटच्या दुकानातली एक पावती फाइलमध्ये सापडली आणि मेळ बसला. खजिनदारांनी एक पैसाही इकडचा तिकडे केला नव्हता.)

कडक बोलणाऱ्या उपदेशकाला हा अनुभव कधी ना कधी येतोच असं मला वाटतं. ज्याच्यावर नेम धरला त्याची कातडी जाड असते. ज्याला लागतं तो आधीच वाकलेला असतो. मंडळीत ज्यांची सदसद्विवेकबुद्धी हळवी, तेच व्यासपीठावरचा प्रत्येक शब्द स्वतःवर घेतात.

माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट नंतर आली. इस्राएली लोकांचा पुढारी यहोशवा याने आखानाला पुढे बोलावलं तेव्हा पहिले शब्द काय उच्चारले? "माझ्या मुला." शास्त्रात तसंच आहे, सातव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या वचनात. समोर अपराधी उभा आहे, त्याच्यामुळे लढाईत छत्तीस माणसं मेली आहेत, शिक्षा टळणार नाही हे दोघांनाही माहीत आहे, तरी हाक "माझ्या मुला" अशी. मी तो अध्याय शनिवारी तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा या दोन शब्दांवरून पुढे निघून गेलो होतो. त्या दिवशी मला ते नकोच होते.

"औषध कडूच असतं," असं आमच्यातले पुष्कळ जण म्हणतात. मीही म्हणायचो. पण लहान मुलाला औषध देणारी आई आठवा. ती त्याला मांडीवर घेते, मधाचं बोट लावते, "झालं, झालं" म्हणत पाठीवर हात फिरवते. औषध कडू असतं, आईची जीभ कडू नसते. व्यासपीठावर या दोन गोष्टींची गल्लत फार लवकर होते. कडक असणं वेगळं आणि कडू असणं वेगळं. पापाला पाप म्हणावंच लागतं. हुंडा, दारू, मंडळीतल्या जमिनींवरून चाललेल्या कोर्टकचेऱ्या, बाप्तिस्मा घेऊनही न सुटलेली जात, या सगळ्यांवर बोलायचं नाही असं ठरवलं तर आम्ही पगार कशाचा घेतो? पण बोलताना समोरचा माणूस परत यावा अशी आस मनात आहे, की तो एकदाचा उघडा पडावा अशी, हे ऐकणाऱ्याला आवाजावरूनच कळतं. शब्द तेच असले तरी कळतं.

स्कॉटलंडमधल्या रॉबर्ट मरे मॅकशेन नावाच्या तरुण पाळकाची एक आठवण त्याचा मित्र अँड्र्यू बोनार याने लिहून ठेवली आहे. मॅकशेन डंडीतल्या सेंट पीटर्स चर्चचा पाळक, १८४३ साली वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी वारला. एकदा त्याने बोनारला विचारलं, मागच्या रविवारी कशावर बोललास? बोनार म्हणाला, दुष्ट लोक नरकात जातील, या स्तोत्रातल्या वचनावर. मॅकशेनने ना विषयाला नावं ठेवली, ना वचन बदलायला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, ते तुला कोमलपणे सांगता आलं का?

मी सेमिनरीत शिकत होतो तेव्हा ही आठवण आमच्या एका शिक्षकांनी सांगितली होती आणि मी ती वहीत टिपूनही घेतली होती. वहीतलं वहीत राहिलं.

लूकने येशूचा यरुशलेमेत प्रवेश सांगितला आहे, त्यातला क्रम पाहा. आधी तो शहर दिसताच रडतो. त्यानंतर मंदिरात जाऊन विक्री करणाऱ्यांना बाहेर काढायला लागतो. आम्ही उपदेशक मंदिरातला प्रसंग फार आवडीने सांगतो, कारण तिथे आम्हाला आवाज चढवता येतो. डोंगरावरच्या रडण्याशी आम्ही थांबत नाही. शास्त्री-परूश्यांना "तुम्हाला धिक्कार असो" म्हणणारा मत्तयाचा तेविसावा अध्यायसुद्धा संपतो तो पंखांखाली पिलं गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीपाशी. फिलिप्पैकरांस वधस्तंभाच्या वैऱ्यांविषयी लिहिताना पौल म्हणतो, आताही रडत सांगतो. माझ्या आखानाच्या संदेशात डोळ्यांत पाणी यावं असं एकही वाक्य नव्हतं. मी कागद पुन्हा काढून पाहिला.

आपल्याकडच्या मिशनच्या इतिहासातही या कडूपणाच्या खुणा आहेत, आणि त्या आपण ख्रिस्ती लोकांनीच मोकळेपणी सांगायला हव्यात. १८३०च्या दशकात मुंबईत जाहीर वादविवाद रंगायचे. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे मोठे विद्वान. मराठी शिकले, शाळा काढली, तिचंच पुढे विल्सन कॉलेज झालं. याच विल्सननी १८३२ साली हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांना उत्तर म्हणून जे पुस्तक लिहिलं, त्याचं नावच हिंदू धर्माचा पर्दाफाश अशा अर्थाचं होतं. पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात आठवड्यामागून आठवडे वाद झाले. तिथे बुद्धिमत्ता, अभ्यास, हजरजबाबीपणा सगळं होतं. वादात जिंकणं म्हणजे माणूस जिंकणं, असं मात्र त्यातून घडलं नाही. वर्मी लागलेला माणूस घरी जाऊन पुढचं उत्तर तयार करतो, आपण जाऊन केलं असतं तसंच.

याच्या शेजारी १८९३ सालचा आगगाडीचा डबा ठेवून पाहतो तेव्हा मला नेहमी भरून येतं. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. ते आदराने बोलले, संस्कृत काव्याविषयी बोलले, टिळकांचं ऐकून घेतलं, उतरण्याआधी नव्या कराराची एक प्रत हातात दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. आज मराठी मंडळ्यांतून रविवारी जी गीतं गायली जातात त्यांतली कितीतरी याच माणसाची. त्या डब्यात कोणी तुकारामाला नावं ठेवली असती, तर टिळकांनी ते पुस्तक खिडकीतून बाहेर भिरकावलं असतं याबद्दल मला शंका नाही. टिळक तापट होते, लक्ष्मीबाईंनी ते कधी लपवलं नाही. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणाऱ्याचा पूलच कोणी आधी पाडला असता, तर तो आला असता कुठून?

कडूपणाची किंमत किती होऊ शकते, याचं सर्वांत भयंकर उदाहरण आमच्या प्रोटेस्टंट घरातलंच आहे. मार्टिन लूथरने १५२३ साली यहुदी लोकांविषयी लिहिलं तेव्हा त्याचा सूर मायेचा होता. आपण ख्रिस्ती लोक त्यांच्याशी कुत्र्यांशी वागावं तसं वागलो, आता तरी प्रेमाने वागू या, असा. त्याला वाटत होतं, ते लोक आता सुवार्ता ऐकतील. वीस वर्षं गेली, त्याच्या अपेक्षेप्रमाणे काही झालं नाही, आणि १५४३ साली त्याच हाताने सभास्थानं जाळून टाका असं लिहिलं. फेब्रुवारी १५४६ मध्ये आइसलेबनला मरणाच्या काही दिवस आधी केलेल्या उपदेशाच्या शेवटीही त्याने यहुद्यांविरुद्ध इशारा जोडला. चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण शोधून काढून वापरलं. १९९४ साली अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चने जाहीरपणे त्याचा धिक्कार केला. हे मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा त्या वीस वर्षांपाशी थांबतो. मी इतकं प्रेमाने सांगितलं आणि यांनी ऐकलं नाही, ही तक्रार मनात किती हळूहळू मुरत गेली असेल. आपल्या ओळखीची तक्रार आहे ती. मी इतकी वर्षं यांच्यासाठी राबतो, आजारपणात धावून जातो, आणि प्रार्थनेला सात माणसं येतात! इब्री लोकांस पत्रात ज्याला कडूपणाचं मूळ म्हटलं आहे, ते बहुतेक वेळा अशाच सेवेच्या जमिनीत रुजतं. म्हणून ते पटकन ओळखू येत नाही.

आणि ते वाढायला खतपाणी भरपूर मिळतं. त्या रविवारी खजिनदारांखेरीज आणखी पाच-सहा जणांनी माझा हात धरून "आज अगदी सडेतोड!" म्हटलं होतं. सौम्य संदेशानंतर लोक मान हलवून घरी जातात. चाबूक ओढला की थांबून शाबासकी देतात, कारण प्रत्येकाला तो शेजाऱ्यासाठी वाटतो. हल्ली तर तेवढाच तुकडा कापून मोबाइलवर फिरतो.

इथे मला मोशेकडे, इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर आणणाऱ्या पुढाऱ्याकडे, यायचं आहे. मावशी आल्या त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, नेहमीच्या वाचनात, गणनेचा विसावा अध्याय आला. कादेशात लोकांना पाणी नाही, ते मोशेशी भांडतात. परमेश्वर सांगतो, काठी घे, लोकांना जमव आणि त्यांच्यादेखत खडकाशी बोल. मोशे काठी घेतो, लोकांना जमवतो आणि म्हणतो, "अहो बंडखोरांनो, ऐका!" मग खडकावर दोनदा काठी मारतो. बोलायला सांगितलं होतं, त्याने मारलं. पूर्वी एकदा रफीदीमात मारायचीच आज्ञा होती, तेव्हा पाणी आलं होतं. जुनी सवय हाताला आठवली असावी.

आणि पाणी आलं. विपुल आलं. माणसं प्याली, गुरं प्याली. त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या कोणालाही काही चुकलं असं वाटलं नसेल. देवाने तहानलेल्यांना मोशेच्या रागासाठी तहानलेलं ठेवलं नाही. मोशेला मात्र त्याने सांगितलं, तू या लोकांना वचनदत्त देशात नेणार नाहीस.

माझा तर थरकाप झाला. लोक रडले, पुढे आले, गुडघे टेकले, म्हणजे माझ्या रागावर देवाची सही झाली, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

पण ज्याने मला खरोखर हलवलं ते त्या अध्यायाचं पहिलंच वचन. इतक्या वेळा वाचूनही मी त्याच्याकडे भौगोलिक माहिती म्हणून पाहिलं होतं. लोक त्सीन रानात आले, कादेशात राहिले, आणि तिथे मिर्याम मेली व तिला तिथेच पुरलं. एवढंच. पुढच्याच वचनात पाण्याची ओरड सुरू होते. मिर्याम म्हणजे मोशेची थोरली बहीण. तो तान्हा असताना नदीकाठच्या लव्हाळ्यात पेटाऱ्यावर नजर ठेवून उभी राहिलेली हीच मुलगी, असं आपण मानत आलो. मोशेचा भाऊ अहरोन याच्यासाठी इस्राएलाने तीस दिवस शोक केला, हे त्याच अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे. मिर्यामसाठी शोक केल्याचं लिहिलेलं नाही. तिला पुरलं आणि लोक भांडायला उभे राहिले.

माझी थोरली बहीण, आमची माई, त्याच वर्षी मार्चमध्ये गेली होती. आई लहानपणीच गेल्यामुळे तिनेच मला वाढवलं. गुरुवारी तिला सोलापूरला माती दिली आणि रात्रीच्या एसटीने मी परत निघालो, कारण पुढे झावळ्यांचा रविवार होता, मग उत्तम शुक्रवारचे सात उद्गार, मग पुनरुत्थानाची पहाटेची उपासना. सगळं पार पाडलं. मंडळीतल्या कोणाच्याही घरी मयत झालं तर मी तीन दिवस जाऊन बसतो. माईसाठी मी एक तासही बसलो नव्हतो. पंचांच्या बैठकीतलं ते एक वाक्य मला इतकं का झोंबलं, याचं उत्तर भिंतीच्या हिशेबात नव्हतंच.

त्या संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेलो. नातू ओट्यावर अभ्यास करत होता. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं, मी रागावलोय का. मी नाही म्हटलं होतं. मी रागावलो होतो. पण तुमच्यावर नाही." आणि माईचं सांगितलं. त्या चुलीजवळून उठल्या, पदराला हात पुसत माझ्यासमोर येऊन बसल्या. "बहीण गेली तुमची, आणि आम्हाला कुणाला ठाऊक नाही?" म्हणाल्या. "आम्ही आलो असतो ना, पाळकसाहेब. सगळी मंडळी आली असती." मग त्यांनी विचारलं, माईंना कुठलं गीत आवडायचं? मी सांगितलं. त्यांनी ते तिथेच, नातवाला पेटी काढायला लावून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. दुसऱ्या कडव्यापासून मला म्हणता आलं नाही.

त्यांचे तीनशे रुपये तोवर माझ्या बायबलमध्येच होते. नातवाच्या वहीत ठेवून आलो.

त्यानंतर बदल्या होत गेल्या. मावशी आता नाहीत. मी जिथे जाईन तिथे शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये जातो, पंखा लावतो आणि तिसऱ्या बाकावर बसून दुसऱ्या दिवशीचा संदेश वाचतो. तिथून व्यासपीठ बरंच उंच दिसतं. एखादं वाक्य वरून बोलताना ठीक वाटतं आणि खाली बसून वाचलं की नको होतं. पुष्कळदा वचन तेच ठेवतो, वाक्य बदलतो. कधी वाक्यही तेच राहतं, फक्त "तुम्ही"चं "आपण" होतं. कधी कळतं की आज बोलायलाच नको, आधी एका घरी जाऊन यायला हवं.

गेल्या शनिवारी अडकलो ते एका परिच्छेदापाशी. "आजच्या तरुणांना देवासाठी वेळ नाही," अशी सुरुवात होती, आणि पुढे आठ ओळी. बाकावर बसून वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. आमच्या तरुण संघात पेटी वाजवणारा मुलगा, पुण्याला नोकरीला लागल्यापासून गावी आला तरी चर्चला येत नाही. त्या आठ ओळी मी त्याच्यासाठी लिहिल्या होत्या आणि तो तर ऐकायला नसणारच होता. ऐकणार होती त्याची आई.

आठही ओळींवर रेघ मारली आणि तिथूनच त्याला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली, त्याने उचलला नाही. आज पुन्हा लावणार आहे.